ताजबीची तांत

चाकणमध्ये जुन्या माणसांना ताजबीबद्दल विचारलं तर तीन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, तिने चंद्रावर जाणाऱ्यांसाठी गाद्या भरल्या. दुसरी, तिने सरकारचा काचेचा कापूस नासवला. तिसरी, तिने दिराची कमान बळकावली. यांतलं जे काही घडलं ते मी त्या घरात बसून पाहिलं आहे, आणि तरी कुणी मला 'मग खरं काय?' असं विचारलं की मी अडखळते. डायरी लिहायची सवय मला शाळेतल्या सिस्टरांनी लावली, ती अजून आहे. त्या वर्षांच्या डायऱ्या मी पुन्हा वाचल्या. कोण आलं, काय बोललं, कुठली एसटी मिळाली, सगळं जागच्या जागी आहे. अर्थ मात्र तेव्हा लागला नव्हता तसा आताही लागत नाही.

ताजुन्निसा हे तिचं पूर्ण नाव. घर पिंजाऱ्यांचं, किल्ल्याच्या पडक्या तटाजवळ. नवरा रहिमान कमान खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचा, दारात बसून कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायचा. आमच्या चिंचवडच्या घरीही दर हिवाळ्याआधी तोच येई. माणसाएवढी लांब लाकडी कमान, तिला आतड्याची ताणलेली तांत, आणि त्या तांतीवर लाकडी मुठीचा ठोका. ठोका बसला की तांत घुमायची आणि दडपलेला कापूस फुलून उडायचा. त्या घुमण्यानेच गल्लीला कळायचं की पिंजारी आला.

रहिमान एकाहत्तर साली वारला. मागे ताजबी, आणि धाकटा दीर नूरमोहम्मद. मूलबाळ नव्हतं. नूरमोहम्मदने पिंपरीत भाड्याने गाळा घेतला होता. कंपन्यांच्या कामगारांना तयार गाद्या लागत; शिफ्ट संपवून आलेला माणूस दारात पिंजारी येण्याची वाट बघत बसत नाही. गाळ्यात विजेवर चालणारं पिंजायचं मशीन होतं. कमान राहिली चाकणला. ताजबी घरात बसून तिच्यावर पिंजू लागली. गावातल्या बाया कापूस आणून देत, ती गादी भरून देई. बाई कमान धरते म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग कापूस आणू लागले.

त्या घरात कमान म्हणजे नुसतं अवजार नव्हतं. ज्याच्याकडे कमान त्याच्याकडे गिऱ्हाइकांची गावं. आंबेठाण, म्हाळुंगे, नाणेकरवाडी ही गावं रहिमानच्या आजोबांपासून त्यांची. आणि कमान कुणाची, तर जो तांत बांधेल त्याची. तांत घरातल्या कर्त्या पुरुषाने बांधायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. रहिमान गेल्यावर ती नूरमोहम्मद बांधून देई. आणखी एक नियम होता. चालू तांत कधी कापायची नाही. ती आपणहून तुटेल तेव्हाच बदलायची. कापली तर घरातला धंदा कापला असं ते मानत. हे नियम मला नूरमोहम्मदनेच सांगितले, चहा पिता पिता, आणि सांगताना तो हसत होता. त्यामुळे तो ते किती मानतो हे मला कळलं नाही.

आता आमच्या घरचं सांगते. हे पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेत होते. आकाशात सोडायच्या अग्निबाणाच्या शेपटीशी एवढी आग होते की लोखंड वितळावं. तिथे आतून अस्तर द्यायचं, ते जळत जळत मागचा भाग वाचवतं. अशा अस्तराचा माल शोधणं हे यांचं काम. सिलिकाचे तंतू राळेत भिजवून, दाबून, भाजून त्याची पाटी करायची आणि तिच्यावर ज्योत सोडायची. मला एवढंच समजायचं. तंतू परदेशातून यायचे ते गुंता होऊन. यंत्रात घातले की तुटायचे, हाताने सोडवायला बसलं की महिने जायचे.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर हे मला सोडायला चाकणला आले होते. मला ताजबीकडून रजई भरून घ्यायची होती. हे दारात उभे राहून तिचं पिंजणं बघत राहिले. मी दोनदा म्हटलं, "चला, एसटी जाईल." यांना ऐकूच आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात हे तंतूंचं गाठोडं घेऊन हजर.

"हा कापूस न्हाई," ताजबी बोटांत चुरगाळून म्हणाली. "खाजतंय."

"काच आहे ती. काचेसारखी. तोंडाला फडकं बांधावं लागेल, श्वासात जाता कामा नये."

नूरमोहम्मद त्या दिवशी तिथेच होता. "साहेब, आमी लोकांच्या झोपंची सोय करणारी माणसं. तुमी आमाला काच पिंजायला लावता. त्याच्यावर निजणार कोण?"

"आग निजणार आहे," हे म्हणाले. हे क्वचित विनोद करत, आणि केला की समोरच्याला तो विनोद आहे हे समजत नसे. नूरमोहम्मद गंभीर झाला. गावात 'चंद्रावरची गादी' ही बातमी बहुधा तिथून निघाली.

ताजबीने तोंडाला ओलं फडकं बांधलं, हाताला गोडंतेल चोळलं आणि पिंजलं. यांनी त्या तंतूंची पाटी केली. ज्योतीखाली ती इतकी टिकली की यांनी पुन्हा मोजलं, मग शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावून त्याला मोजायला लावलं. वर काळी खरपूस साय धरली आणि ती साय पाटीला घट्ट चिकटून राहिली. एरवी पापुद्रे सुटायचे. यांनी घरी येऊन मला हे तीनदा सांगितलं आणि जेवायचं विसरले.

प्रयोगशाळेने ठरवलं की असंच आणखी एकदा झालं तर वर्षाचं काम त्या घराला द्यायचं. हे सांगायला आम्ही दोघं चाकणला गेलो. ताजबी पदराने हात पुसत राहिली. मग मला आत नेऊन म्हणाली, "कुसुमताई, नूरमियाँ कमान न्यायला बघतोय. पिंपरीच्या गाळ्याला टांगायची म्हनतो. मशीन हाय त्याच्याकडं, पर लोक कमान बघून येत्यात. कमान गेली की गावं गेली. मग मी त्याच्या गाळ्यात उशा शिवत बसनार." थोडं थांबून म्हणाली, "हे काम घरात आलं तर कमान हलणार न्हाई. सायबांना सांगा, नीट करते."

यांना मी सांगितलं. हे म्हणाले, "मी तिच्या कमानीचा विचार कसा करू? मी पाटीचा करतो." तरी दुसरं गाठोडं देताना त्यांनी बजावलं, जरा कडक शब्दांतच, की यात काही म्हणजे काही पडता कामा नये. धूळ नाही, केस नाही, कापसाचा कण नाही. ताजबीने खोली शेणाने सारवली, सुकू दिली, कोंबड्या शेजारी नेऊन ठेवल्या. नेमकी आदल्या दिवशी गादीचा कापूस पिंजताना तांत तुटली होती आणि नूरमोहम्मद पिंपरीत होता. तिने वाट पाहिली, तो आला नाही. मग तिने दार लावून घेतलं आणि तांत स्वतः बांधली.

दुसरी पाटी ज्योतीखाली धरली आणि पापुद्रे सुटले. एकावर एक, कांद्यासारखे.

यांचा चेहरा मला आठवतो. राग नव्हता. माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकल्यावर जसा उभा राहतो तसे हे घरात उभे होते. तंतू तेच, राळ तीच, ज्योत तीच, हात तेच.

नूरमोहम्मदला कारण लगेच सापडलं. "तांत कुणी बांधली? भाभीनं. पयल्या खेपंला कुणी बांधली? मी. आता तुमीच हिशेब करा साहेब."

"गाठ कुणी बांधली यावर तंतू कसे बदलतील?" हे म्हणाले.

"ते मला कसं ठावं? तुमी शिकल्याले. पर बदलले का न्हाई?"

बदलले होतेच.

याच सुमाराला माझ्या बहिणीचा मुलगा ज्ञानदेव आमच्याकडे राहायला आला. तो व्यवस्थापनाचा प्राध्यापक होता आणि खेड्यांतल्या घरगुती धंद्यांचा कारभार कसा चालतो यावर प्रबंध लिहीत होता. त्याला पिंजाऱ्यांचं घर बघायचं होतं. मी घेऊन गेले. तो खाली सतरंजीवर बसला, पेन काढलं, तेव्हा ताजबी उठून हात धुऊन आली आणि तोंडाला फडकं बांधून समोर बसली. तिला वाटलं, हा प्रयोगशाळेतलाच, बिघाड तपासायला आलाय. नूरमोहम्मदलाही तसंच वाटलं. मी सांगायचा प्रयत्न केला, पण 'संशोधन' हा शब्द दोन्हीकडे होता, त्यामुळे माझ्या सांगण्याने घोळ वाढला.

"तुमच्या धंद्याचा मालक कोण?" ज्ञानदेवने विचारलं.

"मी," नूरमोहम्मद म्हणाला. "आनि आग लागली तर जबाबदार बी मीच, लिहा."

"कसली आग?"

"ती वर लागती ती."

ज्ञानदेवने माझ्याकडे पाहिलं. मग ताजबीला विचारलं, "निर्णय कोण घेतं?"

"काई पडू दिलं न्हाई," ताजबी फडक्यातून म्हणाली. "कोंबड्यासुदिक हलवल्या."

"पण मालक कोण म्हणाल तुम्ही?"

ती दिराकडे न बघता म्हणाली, "तांत बांधील तो."

"आणि आत्ता ही तांत कुणी बांधली आहे?"

बाहेर कुणीतरी बैल हाकत गेला. ज्ञानदेवने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. परत येताना तो म्हणाला, "मावशी, या घरात मालक दोन आहेत का एकही नाही?" रात्री जेवताना त्याने यांना सांगितलं की पाटी फसली याचं कारण भीती आहे; बाई घाबरली होती, तुम्ही तिला दरडावलंत. हे म्हणाले, "भीती मोजायचं यंत्र आण, मी पाटीशेजारी ठेवतो." दोघंही चिडले आणि दोघांनीही भात जास्त घेतला.

माझी रजई या सगळ्यात राहून गेली होती. थंडी वाढल्यावर मी पुन्हा चाकणला गेले. ताजबीने माझा नवा कापूस पसरला, आणि पिंजायच्या आधी कोपऱ्यातल्या पिशवीतून मूठभर मळकट जुना कापूस काढून त्यात टाकला.

"अगं, हे काय?" मी म्हटलं. "कुणाचा कापूस माझ्या रजईत?"

"आदल्या कामाचा. नाणेकरवाडीच्या गादीतला." तिला माझं नवल वाटलं. "जोड घालावी लागती ताई. आदल्या कामातलं मूठभर नव्या कामात. काम तुटू नये म्हनून. आमच्यात कोरं काम कुनी करत न्हाई."

म्हणजे आमच्या घरच्या सगळ्या गाद्यांत वर्षानुवर्षं अनोळखी घरांचा कापूस होता, हे मला तेव्हा कळलं. त्या विचारात मी जरा वेळ होते. मग एकदम सुचलं.

"सायबांच्या पहिल्या गाठोड्यात?"

"घातली हुती की. ह्यांनी भरायला घेतलेली शेवटची रजई अर्धी राहिली हुती, त्यातली." 'ह्यांनी' म्हणजे रहिमानने.

"आणि दुसऱ्यात?"

"न्हाई. सायब म्हनले कापसाचा कण नगं." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचाही हात कापसावरच थांबला.

मी यांना सांगितलं तेव्हा यांचा विश्वास बसला आणि बसलाही नाही. मूठभर कापूस जळून कोळसा होईल, तो थरांना धरून ठेवील, किंवा राळ आत शोषून घेईल, शक्य होतं. पण तसं असेल तर नूरमोहम्मदची गाठ वायफळ ठरत होती, आणि तसं नसेल तर ठरत नव्हती. दुसऱ्या खेपेला दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, गाठ आणि जोड. कुणामुळे फसलं हे सांगता येत नव्हतं. प्रयोगशाळेत यांनी स्वतःच्या हाताने कापूस मिसळून पाहिला. गोळे झाले, पाटी भाजतानाच फुटली. आता पिंजायला उरले होते तंतू एकाच पाटीपुरते.

आम्ही सगळे चाकणच्या त्या खोलीत बसलो. नूरमोहम्मद म्हणाला, "मी तांत बांधतो, भाभी जोड घालंल. दोन्ही करा, म्हंजी झालं."

"नाही," हे म्हणाले. "मग पुन्हा दोन गोष्टी बदलतील. एका वेळी एकच बदलायची. तांत आहे तीच राहू दे. फक्त जोड घाला."

नूरमोहम्मदने डोक्याला हात लावला. "बरं. पर मग ऐका. ह्या खेपंला बी जळाली तर गाठीचाच दोष. मग कमान मी नेणार. भाभी, कबूल?"

ताजबीने यांच्याकडे पाहिलं. यांना त्या बघण्याचा अर्थ कळला नाही, मला कळला. मी म्हणणार होते की पाटीवर माणसाचं घर लावू नका. पण ती म्हणाली, "कबूल. टिकली तर पुन्ना मागू नगस."

तिने जोड घातली आणि पिंजलं. त्या दिवशी तांतीचा आवाज मला नेहमीपेक्षा जाड वाटला, पण मला अशा गोष्टी वाटतात.

निकाल सांगायला आम्ही गेलो तेव्हा आठवडी बाजार होता आणि कांद्याच्या बैलगाड्यांतून वाट काढावी लागली. ज्ञानदेवही बरोबर होता. यांनी रस्ताभर काहीच सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काय सांगू तेच ठरवतोय."

खोलीत बसल्यावर हे बोलू लागले. ज्योत किती वेळ, झीज किती, वजन किती घटलं. नूरमोहम्मदने मध्येच विचारलं, "साहेब, जळाली का न्हाई?"

"जळाली. पहिलीपेक्षा बरीच जास्त जळाली."

"बघा."

"पापुद्रं सुटलं का?" ताजबीने विचारलं.

"नाही. सुटला नाही एकही."

"बघा," ताजबी म्हणाली.

"पण मग पास का नापास?" ज्ञानदेवला राहवलं नाही.

हे रुमाल हातात चुरगाळत बसले. "मला सांगता येत नाही," शेवटी म्हणाले. "ती पहिल्या पाटीसारखी नाही आणि दुसऱ्या पाटीसारखीही नाही. वरच्या लोकांनी यंत्राने तंतू दाबून केलेला नमदा मागवायचं ठरवलं आहे. ते काही चुकीचं नाही. एकसारखा माल मिळतो. काम इथे येणार नाही."

जे काम घरात येणार होतं ते गेलं होतं, आणि ज्यावर पैज लावली होती तिचा निकाल लागला नव्हता. नूरमोहम्मद उठला. म्हणाला, "जळाली म्हंजी जळाली," आणि भिंतीवरची कमान त्याने उतरवली.

ताजबीने त्याला अडवलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "ने. पर तांत माझी हाय. दुसऱ्याच्या तांतीची कमान घेऊन गाळ्यावर बसशील तर लोक कमान कुनाची म्हनतील? माझी तांत सोड, तुझी बांध, आनि ने."

यात काहीच वावगं नव्हतं. नियम त्यांचाच होता. नूरमोहम्मद उंबऱ्याशी उजेडात बसला आणि गाठ सोडवू लागला. त्यांच्या घरात गाठ कशी बांधायची हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून तिने तिला येत होती ती बांधली होती. कसली ते मला ओळखता आलं नाही, आणि गाठी आम्हाला शाळेत पुष्कळ शिकवल्या होत्या. रोजच्या ठोक्यांनी ती आवळून दगडासारखी झाली होती. त्याने नखाने, दाताने, मग सुईने प्रयत्न केला. ज्ञानदेवने खिशातला चाकू पुढे केला.

नूरमोहम्मदने चाकूकडे असं पाहिलं की ज्ञानदेवने तो मिटून परत खिशात टाकला.

"चालू तांत हाय," तो म्हणाला.

"व्हय," ताजबी म्हणाली.

तो आणखी थोडा वेळ गाठीशी झटला. मग कमान त्याने परत भिंतीवर टांगली आणि तिच्यावर बोट मारलं. ती घुमली. "तुटू दे," तो म्हणाला. "तुटली की मी येतो. तवर ठेव." आणि मग, इतका वेळ डोक्यावर ताण असूनही, हसला. "काय गाठ मारलीय राव. बैल बांधायला पायजे."

तिने चहा ठेवला. सगळ्यांनी घेतला.

ज्ञानदेवने प्रबंधात त्या घराचा मालक म्हणून नूरमोहम्मदचं नाव लिहिलं, कारण एकच रकाना होता. यांनी अहवालात 'कारण निश्चित करता आलं नाही' असं लिहिलं, आणि हे वाक्य त्यांना शेवटपर्यंत खुपत राहिलं. आजारपणातही एकदा म्हणाले, "कापूस असणार. नाहीतर काय?" मी म्हटलं, "कापूसच." पण मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे यांना माहीत होतं.

ताजबीकडे कमान राहिली आणि गावंही राहिली. दर हिवाळ्यात मी जाई. नूरमोहम्मद ईदेला येई, आला की आधी भिंतीकडे बघे. शेवटची गेले ती ब्याऐंशी साली, हे गेल्यानंतर, यांची गादी मोडून दोन उशा करून घ्यायला. योगायोगाने नूरमोहम्मदही आला होता. पिंपरीत त्याचा दुसरा गाळा झाला होता, केस पिकले होते. ताजबीने यांच्या गादीतला कापूस पसरला, मूठभर काढून पिशवीत ठेवला, पुढच्या कामाला. मग पिशवीतला दुसरा मूठभर यांच्या कापसात टाकला. या वेळी तो कुणाचा ते मी विचारलं नाही.

तिने ठोका मारला. तांत घुमली. मला ती तांत नवी वाटली. सात वर्षं रोज ठोके खाल्लेली तांत पिवळी पडते, केसाळ होते. ही गोरी आणि गुळगुळीत होती. गाठ मात्र तीच होती, तसलीच, दगडासारखी. मी ताजबीकडे पाहिलं. ती कापसाकडे बघत होती. मी नूरमोहम्मदकडे पाहिलं. तो तांतीकडे बघत होता.

"अजून तुटली न्हाई म्हनायची," तो म्हणाला.

"न्हाई," ताजबी म्हणाली.

"चांगल्या आतड्याची दिसतीय," तो म्हणाला, आणि माझ्या उशांसाठी कापड मापायला घेतलं.